गॅसची नळी आणि तिचे सांधे

घरांत गॅस कसा आला याचा इतिहास बहुधा दिव्याच्या बाजूनें सांगितला जातो. रस्ते कसे उजळले, नाटकगृहें कशीं झगमगलीं, तेलाची काजळी कशी गेली, याचीं वर्णनें पुष्कळ आहेत. ज्या नळींतून तो गॅस भिंतींच्या कडेकडेनें फिरत स्वयंपाकघरापर्यंत येतो, त्या नळीचें चरित्र मात्र कोणी फारसें लिहीत नाहीं. पाण्याचा नळ गळूं लागला म्हणजे जमीन ओली होते, भिंतीला ओल येते, थेंबांचा आवाज रात्रभर छळतो. गळती आपण होऊन आपली वर्दी देते. गॅसचें तसें नाहीं. तो निसटतो तेव्हां डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, आणि जेव्हां दिसतें तेव्हां पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. नळी कशाची असावी, तिचा सांधा कशानें भरावा, आणि तो भरण्याचा अधिकार कोणाला असावा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत माणसाचीं पावणेदोनशें वर्षें गेलीं. आणि त्यांतील कित्येक उत्तरें पुस्तकांतून न मिळतां ढिगाऱ्यांतून मिळालीं.

या कथेचा आरंभ इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत होतो. विल्यम मर्डॉक हा स्कॉटिश यंत्रज्ञ बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या यंत्रांची देखभाल करण्याकरितां रेडरूथ या गांवीं राहत असे. १७९२ सालीं त्यानें दगडी कोळसा लोखंडी भांड्यांत कोंडून तापविला, आणि त्यांतून निघालेला वायु कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या व तांब्याच्या नळ्यांतून सुमारें ७० फूट दूर नेऊन पेटविला. १८०८ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या विषयावरील निबंध सादर केला, तोंपर्यंत साल्फर्ड येथील एका कापडाच्या गिरणींत नऊशेंहून अधिक ज्योती त्याच्या पद्धतीनें जळूं लागल्या होत्या. पण गिरणी ही मालकाच्या नजरेखालची जागा. तेथें नळ्या उघड्या असत, आणि दिवसरात्र माणसें त्यांच्याजवळून वावरत. परक्याच्या घरांत नळी नेणें ही वेगळी गोष्ट होती.

तें काम लंडनमध्यें झालें. १८०७ सालीं फ्रेडरिक विन्झर या जर्मन गृहस्थानें पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लावून दाखविले. १८१२ सालीं गॅस लाइट अँड कोक कंपनीला राजसनद मिळाली. १८१३ च्या अखेरच्या रात्रीं वेस्टमिन्स्टरचा पूल गॅसनें उजळला. लोकांच्या मनांत भीति होती, पण ती भलत्याच गोष्टीची. नळींतून गॅस वाहतो म्हणजे विस्तवच वाहतो अशी समजूत होती. पार्लमेंटच्या इमारतींत नळ्या बसविल्या तेव्हां त्या भिंतीपासून कांहीं इंच दूर ठेवाव्या, नाहीं तर भिंत पेटेल, असा आग्रह धरण्यांत आला, आणि सभासद हातमोजे घालून त्या नळ्यांना भीतभीत स्पर्श करून पाहत, असें सांगतात. नळ्या अर्थातच थंड होत्या. ज्या ठिकाणीं हात लावून पाहावयास हवें होतें, त्या ठिकाणीं, म्हणजे दोन नळ्या जेथें एकमेकींस मिळतात तेथें, कोणी पाहत नव्हतें.

रस्त्याखालीं बिडाचे मोठे नळ पुरण्याची विद्या पाणीपुरवठ्यामुळें आधींच अवगत होती. एका नळाचें टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडांत बसवावयाचें, मधल्या फटींत तागाची दोरी ठोकून भरावयाची, आणि वरून वितळलेलें शिसें ओतावयाचें, अशी ती रीत. अडचण होती ती घरांतल्या बारीक नळ्यांची. तशा नळ्या स्वस्तांत कोणी करीतच नव्हतें. मग नळजोडाऱ्यांनीं एक विलक्षण तोड काढली. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपलें आणि हजारों बंदुका निरुपयोगी झाल्या. त्यांच्या नळ्या विकत घेऊन, टोकांना आटे पाडून, एकीला एक जोडीत गॅस घरोघर नेण्यांत आला. इंग्रज कारागिरांच्या बोलींत गॅसच्या लोखंडी नळीला ‘बॅरल’ हें नांव पडलें. माणसें मारण्यासाठीं घडलेली नळी अशा रीतीनें दिवाणखान्यांत येऊन बसली.

ही गोष्ट मौजेची म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यांतला धोका लक्षांत घेण्यासारखा आहे. बंदुकीची नळी फार तर तीन-साडेतीन फूट लांब. साठ फुटांची वाट काढावयाची तर सतरा-अठरा सांधे आले. प्रत्येक नळी वेगळ्या कारखान्यांतली, भोंक कोठें रुंद, कोठें अरुंद. बंदुकीची नळी स्फोट सहन करील इतकी भक्कम होती हें खरें. पण गॅसच्या कामांत नळीच्या भक्कमपणाला फारसें महत्त्व नाहीं, कारण घरांतील गॅसचा दाब अगदीं मामुली असतो. दुबळा असतो तो सांधा. सांधे जितके कमी, तितकें घर सुखरूप.

लांब नळी स्वस्तांत कशी करावी, या प्रश्नाचें उत्तर १८२५ सालीं वेन्सबरी गांवच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउस या कारागिरानें दिलें. लोखंडाची पट्टी भट्टींत पांढरी होईपर्यंत तापवावयाची आणि घंटेच्या आकाराच्या एका साच्यांतून साखळीनें ओढून काढावयाची. पट्टीच्या दोन्ही कडा वळून एकमेकींस भिडतात आणि त्या उष्णतेंतच एकजीव होतात. पूर्वी हीच कड हातोड्यानें ठोकून बसवावी लागे. आतां एका ओढीसरशी लांबलचक नळी तयार होऊं लागली. या शोधाचें पेटंट त्याचा धनी जेम्स रसेल याच्या कारखान्याला लाभलें आणि तें गांव नळ्यांकरितां प्रसिद्ध झालें. आज ज्याला गॅलव्हनाइज्ड पाइप म्हणतात, तो याच नळीचा वंशज, वर जस्ताचा मुलामा चढविलेला.

नळी मिळाली तरी आट्यांचा घोळ होताच. प्रत्येक कारखानदाराचे आटे निराळे. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचा कोन आणि अंतर ठरवून देण्याची सूचना केली, आणि नळ्यांच्या आट्यांचें ब्रिटिश प्रमाण १९०५ सालीं ठरलें. भारतांतल्या नळकाम करणाऱ्याच्या हातांत आजही तेच आटे असतात. त्यांत एक गंमत राहून गेली आहे. अर्ध्या इंचाची म्हणून मिळणारी नळी कोठेंही मोजली तरी अर्धा इंच भरत नाहीं. बाहेरून ती पाऊण इंचाहूनही जाड असते. नांव भोंकाचें, आणि भोंकही आतां त्या मापाचें राहिलेलें नाहीं. आटे निमुळते ठेवण्याची युक्ति मात्र खरोखर शहाणपणाची. नळी जसजशी आंत फिरत जाते, तसतशी ती पाचरीसारखी घट्ट होत जाते, आणि उरलेली बारीक फट सफेदा व तागाचे धागे यांनीं भरून निघते.

लोखंड कठीण, तें वांकवावयास कष्ट पडतात. म्हणून एकोणिसाव्या शतकांत शिशाच्या आणि शिसें-कथील यांच्या मिश्रणाच्या नळ्या घराघरांत शिरल्या. हातानें वांकवितां येतात, सुरीनें कापतां येतात, जुन्या घराच्या कोनाकोपऱ्यांतून बिनतक्रार जातात. कारागीर खूष आणि मालकाचा पैसाही वांचला. पण जी नळी सुरीनें कापतां येते, ती तसबिरीसाठीं मारलेल्या खिळ्यानेंही भोंसकली जाते आणि उंदरालाही कुरतडतां येते. शिवाय शिसें सव्वातीनशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळतें. घराला साधी आग लागली कीं नळी पाझरून जाई, आणि विझावयास आलेल्या आगीला आंतून गॅसचा पुरवठा सुरू होई. सोयीची वस्तु आणि सुरक्षित वस्तु या पुष्कळदां एक नसतात, हें गृहोपयोगी पदार्थांच्या इतिहासांत वारंवार दिसतें. येथें तें फार स्पष्ट दिसतें.

तांब्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तांबें गंजत नाहीं, तें वांकतें, त्याचे सांधे डाग देऊन पक्के होतात. परंतु गॅसमध्यें गंधकयुक्त वायूचा अंश राहिला तर नळीच्या आंत काळे पापुद्रे धरतात आणि ते सुटून शेगडीचीं बारीक छिद्रें बुजवितात. ॲसिटिलीन या कार्बाइडपासून होणाऱ्या वायूच्या बाबतींत तर तांबें घातकच. त्या दोहोंच्या संयोगानें जो पदार्थ होतो, तो कोरडा झाला म्हणजे नुसत्या धक्क्यानेंही फुटतो. म्हणून ॲसिटिलीनच्या कामांत तांब्याची नळी वर्ज्य ठरली. आज शुद्ध केलेल्या नैसर्गिक वायूकरितां अनेक देशांत तांब्याच्या नळ्या सर्रास वापरतात, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. धातु तोच; आंतला वायु बदलला कीं न्याय बदलतो.

गळती शोधण्याची पूर्वीची तऱ्हा ऐकली तर अंगावर कांटा येईल. मेणबत्ती पेटवून ती नळीच्या सांध्यासांध्यांवरून फिरवीत. जेथें गॅस असेल तेथें लहानशी निळी जीभ दिसे. बंद खोलींत गॅस आधींच सांचला असेल तर शोधणारा आणि शोध दोन्हीं एकदमच संपत. पुढें तिची जागा साबणाच्या पाण्यानें घेतली. सांध्याला फेंस लावावा. बुडबुडा फुगला तर तेथें वाट आहे. दुसरें साधन म्हणजे वांकविलेली कांचेची नळी. तिच्या दोन्हीं बाजूंत पाणी भरून एक बाजू गॅसच्या नळीला जोडावी, दाब द्यावा, चावी बंद करावी आणि कांहीं मिनिटें नुसतें पाहत बसावें. पाण्याची पातळी ढळली नाहीं तर नळी निर्दोष. या दोन्हीं साधनांची किंमत जवळजवळ शून्य. त्यांना हवा असतो तो फक्त धीर.

दगडी कोळशाच्या गॅसला स्वतःचा उग्र वास होता, आणि त्या वासानें असंख्य लोकांचे प्राण वांचविले. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असल्यामुळें तर ही सूचना फारच मोलाची होती. जमिनींतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूला मात्र जवळजवळ वास नसतो. अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील न्यू लंडन या गांवीं शाळेच्या चालकांनीं खर्च वांचविण्याकरितां जवळच्या तेलक्षेत्रांतून निघणारा, वाया जाणारा वायु आपल्या नळांत घेतला होता. कोठेंसा एक सांधा पाझरत होता. वायु इमारतीच्या तळाशीं असलेल्या बंदिस्त पोकळींत सांचत राहिला, आणि कोणालाच वास आला नाहीं. १८ मार्च १९३७ रोजीं दुपारीं, शाळा सुटण्यास थोडा अवकाश असतांना, कारखान्याच्या खोलींत विजेच्या एका यंत्राची ठिणगी पडली. सुमारें ३०० जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेंच होतीं. कांहीं आठवड्यांतच टेक्साससरकारनें वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा केला, आणि पुढें ती चाल सर्वत्र पसरली. आज शेगडीची चावी उघडी राहिली असतां जो सडक्या कोबीसारखा वास येतो, तो गॅसचा नव्हे. तो मर्कॅप्टन नांवाच्या, मुद्दाम घातलेल्या द्रव्याचा वास आहे.

येथवर प्रश्न नळी कशाची आणि सांधा कशाचा एवढाच होता. सांधा कोणी जोडावा, हा तिसरा प्रश्न लंडनच्या पूर्व भागांत एका पहाटे उभा राहिला. कॅनिंग टाउन येथें रोनन पॉइंट नांवाची २२ मजल्यांची इमारत बांधण्यांत आली होती. काँक्रीटच्या तयार भिंती कारखान्यांत ओतून त्या जागेवर एकावर एक रचावयाच्या, अशी तिची रचना. १९६८ च्या मार्चमध्यें लोक राहावयास आले. १६ मे १९६८ रोजीं पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरील कोपऱ्याच्या घरांत राहणाऱ्या एका स्त्रीनें चहासाठीं काडी ओढली. रात्रभर गॅस झिरपत होता. स्फोट झाला, बाहेरच्या भिंती ढकलल्या गेल्या, वरचे मजले आधारावांचून राहिले आणि खालीं आले. त्यांच्या भारानें खालचेही मजले एकापाठोपाठ एक कोसळले. इमारतीचा तो संबंध कोपरा वरपासून खालपर्यंत नाहींसा झाला. चौघे जण मृत्यु पावले, सतरा जखमी झाले. जिनें काडी ओढली, ती स्त्री मात्र वांचली.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली. ढिगारा उपसून तज्ज्ञ जेथें पोंचले, ती वस्तु तळहातावर मावण्याजोगी होती. शेगडीला गॅसची लवचीक नळी जोडणारी पितळेची चाकी, म्हणजे नट. तिची कड ठरलेल्या मापाहून पातळ होती, आणि ती तुटली होती. शेगडी ओळखीच्या माणसानें बसवून दिली होती. त्यांत त्याचा हेतु मदतीचाच होता, आणि चाकी पातळ आहे हें नुसत्या डोळ्यांना समजण्याजोगेंही नव्हतें. स्फोटही असाधारण जोराचा नव्हता, असा निष्कर्ष निघाला. दोष एका बाजूला पितळेच्या चाकींत होता आणि दुसऱ्या बाजूला इमारतीच्या रचनेंत. इमारतीच्या दोषाविषयीं तेव्हांपासून स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे; रोनन पॉइंटचें नांव त्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतें. चाकीची गोष्ट त्यामानानें अंधारांत राहिली. सामान्य गृहस्थाला अधिक उपयोगी कोणती, हें सांगावयास नकोच. बावीस मजली इमारत बांधण्याचा प्रसंग थोड्यांवर येतो, शेगडी जोडण्याचा सर्वांवर.

या घटनेनंतर ब्रिटनमध्यें जीं पावलें पडलीं, त्यांत नोंदलेल्या कारागिरांची पद्धति मुख्य होय. १९७० सालीं गॅसजोडणी करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी एक संस्था निघाली. आरंभीं ती ऐच्छिक होती. १९७२ सालीं सुरक्षिततेचे नियम आले. १९९१ सालीं नोंदणी सक्तीची झाली, आणि २००९ पासून ‘गॅस सेफ’ या नांवाची नोंदवही तें काम पाहते. तेथें आज नोंदणी नसलेल्या माणसानें पैसे घेऊन गॅसची नळी जोडणें हा गुन्हा आहे. विजेच्या खटक्याला हात लावणें आणि गॅसच्या सांध्याला हात लावणें यांत लोक फरक करीत नव्हते. कायद्यानें तो करावयास लावला.

त्याच सुमारास ब्रिटनमध्यें आणखी एक उलथापालथ चालू होती. उत्तर समुद्रांत नैसर्गिक वायु सांपडला, आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या शेगड्या एकेक करून बदलण्यांत आल्या, कारण नव्या वायूला निराळीं छिद्रें लागत. हें सर्वांनीं पाहिलें. जमिनीखालीं काय झालें तें मात्र कोणी पाहिलें नाहीं. कोळशाचा गॅस दमट असे. त्यांतील ओलाव्यानें आणि तेलकट अंशानें बिडाच्या नळांच्या सांध्यांतला ताग फुगून घट्ट राही. नैसर्गिक वायु कोरडा. ताग सुकला, आकसला, आणि शंभर वर्षें जे सांधे मुकाट होते ते पाझरूं लागले. उपाय म्हणून वायूला मुद्दाम आर्द्रता देण्यांत आली, सांधे बाहेरून पट्ट्यांनीं बांधण्यांत आले, आणि अखेर जुने नळच काढून टाकण्याचें दीर्घ काम हातीं घेण्यांत आलें. त्यांची जागा पिवळ्या पॉलिथिलीननें घेतली. हें प्लास्टिक १९३३ सालीं इंग्लंडच्या एका रसायनशाळेंत अवचित हातीं लागलें होतें. तें गंजत नाहीं, त्याच्या लांब गुंडाळ्या येतात, आणि दोन टोकें तापवून दाबलीं कीं सांधा असा उरतच नाहीं. परंतु तें वितळतें, आणि उन्हानें खराब होतें; म्हणून त्याची जागा जमिनीखालीं. इमारतीच्या भिंतीवर त्याला थारा नाहीं.

जपानांत १९८० नंतर निघालेली पोलादी वळकट्यांची लवचीक नळीही सांधे कमी करण्याच्या याच खटाटोपांतून आली. भूकंपाच्या देशांत लवचीकपणाची गरज निराळी सांगावयास नको. ती अमेरिकेंत गेली तेव्हां असें दिसून आलें कीं, घराजवळ वीज पडली असतां तिच्या पातळ भिंतीला छिद्र पडूं शकतें. म्हणून ती नळी इमारतीच्या भूसंपर्काच्या तारेला नीट जोडण्याचा नियम झाला. एक संकट टाळलें कीं दुसरें निघतें.

मुंबईचा या कहाणीशीं संबंध जुना आहे. माझगांवच्या आपल्या बंगल्यांत जहाजबांधणींतील प्रख्यात कारागीर अर्देशीर करसेटजी वाडिया यांनीं १८३४ च्या सुमारास स्वतः गॅस तयार करून दिवे लावले होते. तीस वर्षांनंतर, १८६५ च्या ऑक्टोबरांत, एस्प्लनेड, चर्चगेट रस्ता आणि भेंडी बाजार येथें गॅसचे सार्वजनिक दिवे लागले. ती कंपनी गेली, दिवेही गेले. लालबागेंत गॅस कंपनीच्या नांवाची गल्ली उरली. पुढें घरांत गॅस आला तो सिलिंडरांतून, आणि १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीच्या काळांत तो पुन्हां नळानें येऊं लागला. मुंबई हायच्या समुद्रांतला वायु उरणला किनाऱ्यावर येतो. रस्त्याखालीं पिवळें प्लास्टिक, इमारतीच्या पायथ्याशीं जस्त चढविलेलें लोखंड, आणि तेथून बाहेरच्या भिंतीवरून उघड्या हवेंत वर चढणारी नळी, असा त्याचा मार्ग आहे. घरांत त्याचा दाब २१ मिलिबारांच्या आसपास, म्हणजे सुमारें २१ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तोंडानें फुंकर घालूनही माणूस याहून अधिक दाब देऊं शकतो.

नळी भिंतीबाहेर ठेवण्याला कारण आहे. नैसर्गिक वायु हवेहून हलका. निसटला तर वर चढतो आणि उघड्यावर विरून जातो. सिलिंडरांतला गॅस हवेहून जड. तो फरशीवर पसरतो, मोरींत उतरतो. म्हणून पहिल्यासाठीं छताजवळचा झरोका हवा, दुसऱ्यासाठीं जमिनीलगतचा; आणि सिलिंडर जाऊन नळ आला त्या घरांत खालची जाळी असून वरची खिडकी बंद असली तर उपयोग नाहीं. कित्येक नव्या घरांत शोभेसाठीं नळी लांकडी कपाटाआड बंद करून टाकतात. दिसण्यास तें छान असतें. सांधा मात्र त्या कपाटांत हवेवांचून राहतो, आणि साबणाचा फेंस घेऊन तेथें कोणाचाही हात पोंचत नाहीं.

नळाच्या शेवटच्या चावीपासून शेगडीपर्यंतचा दीड मीटरच्या आंतला तुकडा अजूनही रबराचाच असतो. प्रमाणचिन्ह असलेली, आंत पोलादी तारेची वीण असलेली नारिंगी नळी त्यासाठीं घ्यावयाची असते. ती भिंतींतून आरपार न्यावयाची नसते, तिला मध्यें जोड द्यावयाचा नसतो, आणि तडा गेलेला दिसो वा न दिसो, पांच वर्षांनीं ती बदलावयाची असते. तिच्या दोन टोकांना आवळपट्ट्या असतात. महिन्यांतून एकदां ओल्या बोटानें साबण त्यांच्यावर फिरविण्यास एक मिनिटही लागत नाहीं.